टर्बो मियाटा: तीन ठिकाणी तीन तापमानं, खरं कुठलं?

उघडं_छप्पर:

गाडी 2000 सालची मझदा एमएक्स-5, म्हणजे इकडची मियाटा, दुसरी पिढी, 1.8 लिटरचं बीपी-4डब्ल्यू इंजिन. मुक्काम सॅन होजे, कॅलिफोर्निया. छोटा टर्बो लावलाय, बूस्ट (टर्बोने दिलेला जादा हवेचा दाब) 0.5 बार. रेडिएटरच्या पुढे इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) आहे आणि एसीचा कंडेन्सरही तसाच ठेवलाय. कंपनीचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) काढलेला नाही, त्यावर पिगीबॅक म्हणजे त्याचे सिग्नल बदलणारा जोड-संगणक आहे. रेडिएटर बाजारातला अ‍ॅल्युमिनियमचा, थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) मूळ जागी म्हणजे पुढेच.

अडचण अशी की पाण्याचं तापमान तीन ठिकाणी दिसतं आणि तिन्ही जुळत नाहीत.

1. डॅशबोर्डवरची सुई: कायम मधोमध, काहीही करा.
2. ओबीडीत (ईसीयूचे आकडे वाचायच्या सॉकेटमध्ये) लावलेला ब्लूटूथ डोंगल आणि फोन: फ्रीवेवर 93-94, चढावर बूस्टमध्ये 104.
3. वेगळं लावलेलं 52 मिमीचं गेज, सेन्सर वरच्या रेडिएटर होजमध्ये 32 मिमीचा अ‍ॅडॅप्टर कापून बसवलेला: फ्रीवेवर 86, त्याच चढावर 92.

गेज फॅरनहाइटमध्ये आहे, इथे सेल्सिअस करून लिहिलंय. जुलैत विलोजच्या थंडरहिल ट्रॅकवर जायचंय, तिथे त्या दिवसांत पारा 40 गाठतो. भरवसा कुठल्या आकड्यावर ठेवायचा, सेन्सर हलवायचा का, आणि अलार्म किती अंशांवर लावायचा?

---

हेड_पॅकिंग:

तुमचे 2 आणि 3 हे दोन्ही आकडे खरे असू शकतात. ते दोन वेगळ्या ठिकाणच्या पाण्याचे आहेत, एवढंच. सुईला मात्र तापमापक समजू नका. या पिढीत ती मुद्दाम मंद केलेली आहे. इंजिन गरम झालं की मधे येऊन बसते आणि पुढचा बराच मोठा पट्टा तिथेच काढते. ती हलली की गाडी तापायला लागली असं नाही, तापून झालेली असते.

आता 104 आणि 92 मधल्या फरकाचं कारण. हे इंजिन मुळात मझदा 323 मध्ये आडवं बसायचं. तिथे पंप एका टोकाला आणि पाण्याचा निकास दुसऱ्या टोकाला, त्यामुळे पाणी चारही सिलिंडरांवरून जायचं. मियाटात इंजिन उभं बसवलं तेव्हा हेडची (सिलिंडरांवरच्या झाकणाची) मागची बाजू फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) भिडली आणि निकास व थर्मोस्टॅट पुढे आणले. परिणाम असा की पंपही पुढे, निकासही पुढे. पाणी आळशी असतं, जवळचा रस्ता धरतं. पहिल्या-दुसऱ्या सिलिंडरवरून भरपूर पाणी जातं आणि चौथ्याच्या वाट्याला फक्त हीटरकडे जाणारा प्रवाह येतो.

ईसीयूचा सेन्सर हेडच्या मागच्या तोंडावर आहे, हीटरचा पाइप निघतो तिथे. म्हणजे तो चौथ्या सिलिंडरजवळचं, सगळ्यात तापलेलं पाणी मोजतो. होजमधला सेन्सर पुढून बाहेर पडलेलं पाणी मोजतो, आणि तेही थर्मोस्टॅट उघडल्यावर. थर्मोस्टॅट बंद असेल तेव्हा त्या होजमध्ये पाणी जवळपास उभंच असतं. इंजिन सुरू करून काही मिनिटं झाली तरी गेज 45 दाखवतंय आणि ओबीडी 80, असं दिसत असेल तर त्याचं कारण हेच.

म्हणून उत्तर: भरवसा मागच्या आकड्यावर. हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) जाते ती मागच्या बाजूला, आणि नॉकिंग (पेट्रोलचा अवेळी भडका) सुरू होतं तेही बहुधा चौथ्यात. पुढचा 92 बघून ट्रॅकवर दाबत राहिलात तर मागे काय चाललंय ते कळणारच नाही.

पण त्याआधी दोन्ही सेन्सर एकच तापमान सारखंच दाखवतात का ते तपासा. सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, फक्त चावी ऑन करून दोन्ही आकडे बघा. दोन्ही हवेच्या तापमानाला 1-2 अंशांत जुळले पाहिजेत. ते जुळले तरी 100 ला जुळतीलच असं नाही, त्याबद्दल ओहमकार जास्त नीट सांगतील.

---

ओहमकार:

सांगतो.

पहिलं, उकळत्या पाण्याची चाचणी. गेजचा सेन्सर काढा, वायर जोडलेलीच राहू द्या, आणि पातेल्यात असा लटकवा की टोक पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही. एकवायरी सेन्सर असेल तर त्याच्या पितळी अंगाला अर्थची (अर्थिंगची) वायर पकडीने लावा, नाहीतर गेज काहीच दाखवणार नाही. सॅन होजे जवळपास समुद्रसपाटीला आहे, त्यामुळे तुमच्याकडे 100 धरा. पुण्यात कुणी करत असेल तर पाणी साधारण 98 लाच उकळतं, महाबळेश्वरला 95-96 ला. हे न धरता गेजला दोष देणारे भरपूर भेटतात.

दुसरं, मल्टिमीटर. बाजारात सगळ्यात जास्त चालतो तो बॉशचा एम12 आट्यांचा एनटीसी (तापला की रोध घटणारा) सेन्सर. त्याचे आकडे: 20 अंशांना 2500 ओहम, 40 ला सुमारे 1175, 60 ला 596, 80 ला 323, 100 ला 186. तापमान वाढतं तसा रोध घटतो, आणि वर वर जाल तसा कमी कमी घटतो. तुमच्या सेन्सरचा तक्ता वेगळा असेल, गेजसोबत आलेल्या कागदावर तो असतो. एका कंपनीचं गेज आणि दुसरीचा सेन्सर असं जोडलं असेल तर खोलीच्या तापमानाला आकडा बरोबर दिसतो आणि 100 ला दहा-बारा अंश चुकतो. वक्ररेषा वेगळी असते ना.

डेटालॉगर किंवा स्वतंत्र ईसीयूला सेन्सर लावणाऱ्यांसाठी: पुल-अप रेझिस्टर (5 व्होल्ट आणि सेन्सर यांच्यामधला रोध) 2.49 किलोओहमचा असेल तर वरच्या बॉश सेन्सरला 100 ते 120 अंशांत 5 व्होल्टपैकी जेमतेम 0.13 व्होल्ट हलतात. 10 बिटांच्या इनपुटला एका अंशाला सरासरी एकच पायरी आणि थोडं. 1 किलोओहम लावला तर तेच 0.28 व्होल्ट होतात, दुप्पट बारीक वाचन. थंडीत सुरू होण्यासाठी मोठा पुल-अप बरा, पण आपल्याला बघायचंय ते वरच्या टोकाला.

तिसरं, अर्थ. होज रबरी, त्यामुळे अ‍ॅडॅप्टर अधांतरी असतो आणि त्याला वेगळी अर्थ वायर लागते. ती कुठे लावली आहे? बहुतेक जण इंजिन ब्लॉकला लावतात, आणि गेजची अर्थ डॅशबोर्डमागे बॉडीला. इथेच गडबड होते. इंजिन चालू असताना फॅन, दिवे, ब्लोअर यांचा करंट बॉडीतून इंजिनच्या अर्थ पट्टीवाटे अल्टरनेटरकडे परत जातो. त्या पट्टीवर थोडा व्होल्टेज पडतो, म्हणून ब्लॉक बॉडीपेक्षा किंचित खाली असतो. गेजला वाटतं सेन्सरचा रोध घटला, आणि ते तापमान जास्त दाखवतं. 50 मिलिव्होल्टचा फरक 100 अंशांच्या आसपास सहज 3 अंशांची थाप मारतो.

ओळखायचं कसं: गाडी आयडलवर ठेवा, गेजकडे बघत हेडलाइट आणि ब्लोअर एकदम सुरू करा. आकडा त्याच क्षणी उडाला तर अर्थ चुकली आहे. सहा लिटर पाणी एका सेकंदात 3 अंश तापत नाही.

उपाय: दोनवायरी सेन्सर आणि त्याची परतीची वायर थेट गेजपर्यंत. एकवायरीच ठेवायचा असेल तर गेजची अर्थ उचलून अ‍ॅडॅप्टरच्याच बोल्टला न्या. आणि इंजिनची अर्थ पट्टी काढून दोन्ही टोकं घासून बसवा. वीसेक वर्षांच्या गाडीत ती पट्टी हिरवी झालेलीच असते.

आट्यांचं एक राहिलं. अमेरिकी सेन्सर 1/8 एनपीटी (निमुळत्या आट्यांचं अमेरिकी माप) असतात, इंचाला 27 आटे. जपानी गेजांचे सेन्सर बऱ्याचदा 1/8 पीटी म्हणजे बीएसपीटी, इंचाला 28 आटे आणि कोनही वेगळा, 60 च्या जागी 55 अंश. हाताने दोन-तीन फेरे दोन्ही एकमेकांत जातात, म्हणून फसायला होतं. मग पान्याने ओढलं की एकतर गळतं नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात. टेफ्लॉन टेप जाड गुंडाळून गळती थांबवू नका. एकवायरी सेन्सरची अर्थ आट्यांतूनच जाते, ती बिघडते. द्रव सीलंट वापरा, पहिले दोन आटे कोरडे सोडा.

---

उघडं_छप्पर:

दोघांचेही आभार. सकाळी थंड गाडीत दोन्ही आकडे जुळतात. ब्लोअर आणि दिव्यांची चाचणी मात्र नापास: गेज लगेच 3 अंश वर उडतं. अर्थ ब्लॉकला होती आणि गेजची डॅशमागे, सांगितलंत तसंच. दोन्ही एका बोल्टवर आणल्यावर उडी बंद झाली. म्हणजे होजचा खरा आकडा 92 पेक्षाही खाली, आणि पुढच्या-मागच्यातला फरक अजून वाढला.

मग आता गेजचा सेन्सर मागे न्यावा, की थर्मोस्टॅटच मागे नेणारं रीरूट करून टाकावं? शिवाय 2001 ची हेड गॅस्केट लावली की प्रश्न मिटतो असंही वाचलंय.

---

हेड_पॅकिंग:

2001 पासून मझदाने गॅस्केटमधली पाण्याची भोकं बदलली हे खरं आहे, पाणी मागपर्यंत जावं म्हणूनच. हेड दुसऱ्या कारणाने उघडलंच तर विचार करा. फक्त त्यासाठी चांगलं इंजिन खोलू नका. टर्बो आणि 40 अंशांचा ट्रॅक असेल तर रीरूट हाच सरळ उपाय, आणि त्यात सेन्सरची जागाही आपोआप मिळते.

काय लागतं: हेडच्या मागच्या तोंडावर बसणारा स्पेसर, त्यावर थर्मोस्टॅट आणि नवं तोंड, पुढच्या जुन्या जागी बंद झाकण, 32 मिमीची मोठी होज, नव्या क्लिपा, ओ-रिंग किंवा गॅस्केट, आणि 6 लिटरच्या हिशोबाने कूलंट. किट घेताना दोन गोष्टी बघा. सेन्सरसाठीचं भोक थर्मोस्टॅटच्या इंजिनकडच्या बाजूला हवं, रेडिएटरकडच्या नको. आणि तुमच्या पिढीचा तीन पिनांचा सेन्सर, जो ईसीयू आणि सुई दोघांनाही पुरतो, तो मूळ जागी किंवा स्पेसरमध्ये नीट बसला पाहिजे. पहिल्या पिढीत हे दोन सेन्सर वेगवेगळे असायचे, तेव्हाची किटं अजून बाजारात आहेत.

क्रम असा. इंजिन पूर्ण थंड. पाणी काढा. फायरवॉलपाशी हात जेमतेम जातो, म्हणून मागचं झाकण सोडवायच्या आदल्या दिवशी बोल्टांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. बोल्ट तुटला तर पुढची कथा इंजिन उतरवण्याची आहे. जुनी गॅस्केट प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, स्क्रू-ड्रायव्हरने नको, हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे आणि एक ओरखडा म्हणजे कायमची गळती. स्पेसरमध्ये 1/8 एनपीटीचं भोक स्वतः पाडायचं असेल तर ड्रिल 8.7 मिमीचं, टॅप ग्रीस लावून, अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे, आणि हे सगळं स्पेसर गाडीत बसवण्याआधी टेबलावर. सेन्सर हाताने घट्ट, मग पान्याने दीड ते दोन फेरे. टोक प्रवाहात आलं पाहिजे. भोकाच्या नळीतच अडकून राहिलं तर तो धातूचं तापमान दाखवतो, पाण्याचं नाही, आणि उशिरा दाखवतो.

होज इनटेकच्या बाजूने न्या, टर्बो आणि मॅनिफोल्डपासून लांब. जिथे घासण्याची शक्यता आहे तिथे बाहेरून बाही चढवा.

हीटरचा पाइप थर्मोस्टॅटच्या आधीच निघाला पाहिजे. थर्मोस्टॅट बंद असताना पाणी फिरतं ते त्याच रस्त्याने. मियाटात हीटरला पाण्याची झडप नाही, हवेची आहे, म्हणून प्रवाह बारमाही चालू असतो. वजन कमी करायला कुणी हीटर काढून टाकला असेल तर तिथे बायपास नळी हवीच, नाहीतर थर्मोस्टॅटपर्यंत गरम पाणी वेळेवर पोचत नाही आणि तो एकदम फटकन उघडतो. आकडा 105 ला चढून 80 ला पडतो, पुन्हा चढतो. थर्मोस्टॅटला हवा जाण्याचं छोटं भोक असावं, नसेल तर कडेला 3 मिमीचं पाडा आणि ती बाजू वर येईल असा बसवा.

हवा काढणं. गाडीचं नाक वर करा, रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच. फनेल लावून हळू भरा, हीटर पूर्ण गरमवर. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत आयडल, मग अधूनमधून 2500 आरपीएम. बुडबुडे थांबले आणि फॅन दोनदा लागून बंद झाला की झाकण. दुसऱ्या दिवशी थंड गाडीत पातळी पुन्हा बघा, थोडी उतरलेली असतेच.

82 चा थर्मोस्टॅट लावला की थंड राहील असं सांगणारे येतील. थर्मोस्टॅट फक्त खालची मर्यादा ठरवतो. पूर्ण उघडल्यावर 82 चा काय आणि 88 चा काय, वरचा आकडा रेडिएटर ठरवतो.

---

शेवटचा_लॅप:

शेवटच्या वाक्यावर जोर देतो, कारण जुलैचं गणित तिथेच आहे.

थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की रेडिएटर किती उष्णता टाकतो ते पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. लोड आणि वेग तोच असेल तर हा फरक जवळपास कायम राहतो. म्हणजे 22 अंशांच्या दिवशी पूर्ण लॅप मारताना मागचा आकडा 102 ला स्थिरावत असेल तर फरक 80 चा. विलोजमध्ये 40 ला तोच 120 होईल. म्हणून जुलैची वाट न बघता आधीच्या थंड ट्रॅक-दिवशी हा फरक काढून ठेवा. एका चढावरचा आकडा इथे कामाचा नाही, कारण तिथे तापमान स्थिरावायला वेळच मिळत नाही. सलग चार-पाच लॅप हवेत, आणि आकडा थांबला पाहिजे.

तुमच्या गाडीत तो फरक खाली आणायला पैसे रेडिएटरवर घालण्याआधी हवेवर घाला. इंटरकूलर आणि रेडिएटरच्या कडेच्या फटी फोम आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याने बंद करा. नाकातून शिरलेली हवा रेडिएटरमधूनच गेली पाहिजे, बाजूने नाही. खालचा ट्रे शाबूत आहे का बघा. मियाटाचा तो प्लॅस्टिकचा ट्रे फाटला म्हणून काढून टाकतात आणि मग फ्रीवेवर गाडी तापते म्हणून विचारत बसतात. उभी असताना तापते तर फॅन बघा, वेगात तापते तर हवेचा रस्ता आणि रेडिएटर. वेग 60 च्या वर गेला की फॅनचा तसाही उपयोग नाही.

अलार्म, मागच्या सेन्सरवर, 50-50 कूलंट आणि मूळ 0.9 बारच्या झाकणासाठी:

105: पिवळा दिवा. बूस्ट कमी, एक गिअर वर, पुढच्या गाडीच्या मागून बाजूला व्हा म्हणजे स्वच्छ हवा मिळेल.
110: लाल. हा लॅप थंड करायचा लॅप.
115: पिटमध्ये.

तापमान एकाएकी 10-15 अंश खाली आलं आणि इंजिनवर लोड तोच आहे, तर खूश होऊ नका. सेन्सर पाण्याबाहेर आलाय आणि वाफ किंवा हवा मोजतोय. हे सगळ्यात धोकादायक वाचन, कारण अलार्म वाजतच नाही.

म्हणून तापमानाच्या जोडीला पाण्याच्या दाबाचा सेन्सर लावा. 0 ते 50 पीएसआय, तीन वायरींचा, 0.5 ते 4.5 व्होल्टचा. 30 पीएसआयचा घेऊ नका, वरच्या आरपीएमला पंपाचा दाबही त्यात मिळतो. पाइप फुटला की तापमान चढायला वेळ लागतो, दाब मात्र लगेच शून्याकडे जातो. अलार्म असा लावा: तापमान 85 च्या वर आणि दाब 3 पीएसआयच्या खाली, की लाल दिवा. उलटी खूणही असते. बूस्ट दिला की दाब झाकणाच्या मर्यादेपलीकडे चढतो, बाटलीत पाणी ढकललं जातं, आणि सकाळी थंड गाडीची वरची होज दगडासारखी कडक लागते. असं असेल तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय. कंबशन लीक टेस्टरचा निळा द्रव पिवळा झाला की हेड गॅस्केटचं नक्की.

---

हेड_पॅकिंग:

115 ला पिट हे मला उशिराचं वाटतं. ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं, दोन्ही वेगळ्या मापाने फुगतात. 0.5 बार बूस्ट आणि कॅलिफोर्नियाचं 91 ऑक्टेन, यात 110 च्या पुढे नॉकिंगची भीती आधी, उकळण्याची नंतर. माझ्या मते 102, 108, 112.

---

शेवटचा_लॅप:

रीरूटनंतर सिलिंडरांतला फरक कमी होतो, तेव्हा 115 चालतं. रीरूटच्या आधी तुमचेच आकडे घ्यावेत, मान्य. स्वतंत्र ईसीयू असेल तर हे दिव्यावर सोडूच नये. मेगास्क्वर्ट एमएस3 सारख्यात पाण्याच्या तापमानावर रेव्ह लिमिट (आरपीएमची कमाल मर्यादा) खाली आणता येतं, बूस्टही. हेल्मेटमध्ये, लॅपच्या मधोमध, दिवा दिसतोच असं नाही.

दिवा कुठे लावायचा हाही प्रश्न आहेच. ए-पिलरवरच्या (पुढच्या काचेशेजारच्या खांबावरच्या) गेजकडे वळणात नजर जात नाही. टॅकोमीटरच्या शेजारी 12 व्होल्टचा भडक लाल एलईडी, आणि एकदा पेटला की हाताने बंद करेपर्यंत पेटलेलाच. फोनवर विसंबू नका. 40 अंशांत, काचेमागे, फोन स्वतःच तापून बंद पडतो. शिवाय तुमच्या गाडीचं ओबीडी जुन्या आयएसओ 9141-2 पद्धतीचं आहे, मुळात संथ. अ‍ॅपवर दहा गेजं मांडली की प्रत्येक आकड्याची पाळी दोन-तीन सेकंदांनी येते. ओबीडी वापरायचंच तर पडद्यावर फक्त पाण्याचं तापमान ठेवा.

कूलंटबद्दल: ग्लायकॉल मिसळलं की पाण्याची उष्णता वाहायची ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी कमी होते. सॅन होजेत कडाक्याची थंडी नसते, उन्हाळ्यात 25-30 टक्के ग्लायकॉल आणि बाकी डिस्टिल्ड पाणी चालेल. गंज रोखणारं रसायन मात्र पुरेसं हवं. नळाचं पाणी नको. तुमच्या गटाच्या नियमात ग्लायकॉलला बंदी आहे का तेही विचारून घ्या, सांडलं की डांबरावर निसरडं होतं म्हणून काही आयोजक चालू देत नाहीत. साध्या पाण्यावर गेलात तर 50-50 पेक्षा उत्कलनबिंदू खाली येतो, अलार्मही 3-4 अंश खाली आणा.

आणि पिटमध्ये आल्यावर लगेच इंजिन बंद करू नका. बंद केलं की पंप थांबतो आणि हेडमधलं पाणी मागे 5-8 अंश वर चढतं. टर्बो असताना तर दोन मिनिटं आयडल हवंच. बॉनेट उघडा, रेडिएटरचं झाकण उघडू नका.

---

ताम्हिणी_टीएसआय:

मधेच विचारतो, धागा पळवायचा हेतू नाही. पुण्यात पोलो जीटी टीएसआय, रिमॅप केलेली (ईसीयूचं सॉफ्टवेअर बदललेली). सुई 90 वर खिळलेली असते, ताम्हिणी चढतानाही. मलाही वेगळा सेन्सर लावावा लागेल का?

---

ओहमकार:

नाही. फोक्सवॅगनची सुई ईसीयूच्या सांगण्यावरून 90 वर धरलेली असते, खाली-वर पंधराएक अंश झाले तरी हलत नाही. पण आत खरा आकडा आहे. डायग्नोस्टिक केबल लावून जी62 बघा, तो इंजिनमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा. त्याच्या शेजारी जी83, रेडिएटरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा. घाटात दोन्ही लॉग करा. जी62 चढतोय आणि जी83 बराच खाली आहे, तर रेडिएटर आपलं काम करतोय, पाणी कमी फिरतंय: थर्मोस्टॅट किंवा पंप. दोन्ही सोबत चढत असतील तर हवा कमी पडतेय: फॅन, कंडेन्सरमध्ये अडकलेला कचरा, पावसाळ्यानंतरचा चिखल. तुमच्या गाडीत कॅन (नवी, वेगवान डेटा पद्धत) आहे, त्यामुळे ओबीडीचा वेग पुरेसा मिळतो. होज कापू नका.

---

उघडं_छप्पर:

रीरूटची किट मागवतो, भोक इंजिनकडच्या बाजूला आहे याची खात्री करून. दाबाचा सेन्सर त्याच स्पेसरमध्ये बसवला तर चालेल का, की दुसरीकडे? आणि होजमधला जुना अ‍ॅडॅप्टर काढून टाकू?

---

हेड_पॅकिंग:

दाबाचा सेन्सर स्पेसरमध्ये चालेल, पण थेट नको. इंजिनच्या थरथरीने आणि उष्णतेने ते सेन्सर लवकर जातात. छोटी विणलेली ब्रेक होज घालून फायरवॉलवर पकडीने बसवा, आणि सेन्सर भोकापेक्षा खाली ठेवा म्हणजे नळीत हवा साठणार नाही.

होजमधला अ‍ॅडॅप्टर काढा. कापलेल्या होजला दोन जादा क्लिपा म्हणजे गळायच्या दोन जादा जागा. दुसरं गेज ठेवायचीच हौस असेल तर खालच्या होजला, रेडिएटरच्या निकासाशी लावा. वर ओहमकारांनी जी83 चं सांगितलं तेच काम करेल. वरचा आणि खालचा फरक ट्रॅकवर 4-5 अंशांवर आला तर पाणी भरपूर फिरतंय आणि रेडिएटरला हवा मिळत नाहीये. क्लिप वर्म ड्राइव्हची असेल तर पहिल्या दोन गरम-थंड फेऱ्यांनंतर पुन्हा आवळा. आणि मागची नवी होज बसवताना क्लिपचा स्क्रू असा वळवा की पुढच्या वेळी वरून पाना लागेल.